फोर बाय फोरचा टायर हातानं उतरवायचा तर कोणती अवजारं घ्यावीत

हिमाचलमध्ये स्पितीतून कुंझुमची खिंड उतरून बातलकडे येताना आमच्या तीन गाड्यांपैकी एका जुन्या थारचा मागचा टायर दगडानं बाजूला कापला गेला. बोटभर लांब काप, आतले धागे दिसत होते. त्या गाडीची स्टेपनी आदल्याच दिवशी वापरून झाली होती आणि बाकीच्या दोन गाड्यांची चाकं वेगळ्या मापाची. मागे काझापर्यंत आणि पुढे मनाली-केलाँगच्या रस्त्याला लागेपर्यंत पंक्चरचं दुकान नाही. आमच्याकडे कंप्रेसर होता, भोकात रबराची पट्टी भरायचा प्लग किट होता, टायर उचकटायचे दोन लिव्हर होते, एक ट्यूबही होती. नव्हतं ते फक्त रिमला घट्ट बसलेली टायरची कड सोडवायचं अवजार. त्या एका गोष्टीपायी चार माणसं अडीच तास खपली. शेवटी दुसऱ्या गाडीच्या चासीखाली टायर आडवा टाकून बॉटल जॅकनं दाबला, तेव्हा कड सुटली. मडफ्लॅप कापून त्याचा तुकडा आतून कापावर धरला, ट्यूब घातली, हवा भरली आणि गाडी माणूस धावेल इतक्या वेगानं पुढे काढली.

त्यानंतर मी या अवजारांच्या मागे लागलो. काही विकत घेतली, काही मित्रांची वापरली, काही पंक्चरवाल्यांच्या शेजारी बसून पाहिली. त्यातून जे कळलं ते इथे सविस्तर लिहितो आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. टायर उतरवायला दंडातला जोर फारसा लागत नाही. रिमच्या मधोमध एक खोलगट भाग असतो, त्यात टायरची कड नीट ढकलली की बाकीचं काम सोपं होतं. ती ढकलली नाही तर जगातला सर्वांत महाग लिव्हरही वाकतो.

आधी ठरवा, उतरवायलाच हवा का

आपल्याकडे टायरला लागतं ते बहुधा बाभळीचा काटा, खिळा नाहीतर पत्र्याचा स्क्रू. तो टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागात घुसला असेल आणि भोक ६ मिलिमीटरपर्यंतच असेल, तर टायर उतरवायची गरज नाही. चाक गाडीवरच ठेवून प्लग मारा. पुढचं चाक असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवा, मागचं असेल तर गाडी थोडी पुढे-मागे करून भोक हाताशी येईल असं थांबवा. जॅकही लावावा लागत नाही.

प्लग किट घेताना एकच गोष्ट बघा, मूठ. बाजारातल्या स्वस्त किटची मूठ स्क्रूड्रायव्हरसारखी सरळ आणि प्लॅस्टिकची असते. दुचाकीच्या टायरला ती पुरते. फोर बाय फोरच्या, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाडीच्या, टायरमध्ये पोलादी तारांचे पट्टे असतात आणि रबरही जाड असतं. तिथे सरळ मूठ तळव्यात घुसते, जोर लागत नाही, आणि एखाद्या वेळी मूठच सुईपासून निखळते. आडव्या धातूच्या मुठीचा, इंग्रजी टी अक्षरासारखा किट घ्या. त्यावर शरीराचं वजन टाकता येतं. रबराच्या पट्ट्या दर पावसाळ्यानंतर तपासा. कडक झालेली, चिकटपणा गेलेली पट्टी धरत नाही.

खिळा पकडीनं ओढताना तो कोणत्या तिरकसपणानं घुसला होता ते लक्षात ठेवा, किटमधली रेतणीची (खरखरीत) सुई त्याच दिशेनं घालायची असते. आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. हे घासणं लोक घाईत उरकतात. आत तुटलेल्या पोलादी तारेची टोकं तशीच राहिली तर तीच पुढे पट्टीला हळूहळू कापतात. या वेळी टायरमधली उरलीसुरली हवा सोडू नका, रिकामा टायर दाबला जातो आणि सुई आत जात नाही. मग सुईच्या नेढ्यात पट्टी मधोमध ओवा, तिला सोल्युशन लावा, दोन्ही टोकं साधारण बोटाच्या पेराएवढी बाहेर राहतील इतकी आत ढकला आणि सुई न पिळता एका झटक्यात सरळ बाहेर ओढा. टोकं रबरापासून तीन-चार मिलिमीटर ठेवून कापा. हवा भरून साबणाचं पाणी टाका. बुडबुडा आला नाही तर घरी जा.

घरी गेल्यावर मात्र आतून ठिगळ लावून घ्या. नुसता बाहेरून मारलेला प्लग ही कायमची दुरुस्ती नव्हे. भोकातून आत गेलेलं पाणी तारांपर्यंत पोचतं, तारा गंजतात, आणि ते बाहेरून दिसत नाही.

टायर उतरवायची वेळ येते ती तीन प्रसंगी: प्लग धरत नाही, बाजूची भिंत कापली गेली आहे आणि आत ट्यूब घालून वस्तीपर्यंत पोचायचं आहे, किंवा जुन्या जीपसारखा ट्यूबचाच टायर आहे. महिंद्राच्या एमएम ५४० ला ६.००-१६ मापाचे ट्यूबवाले टायर असत. ती गाडी ज्यांनी वापरली त्यांना हे काम ओसरीवर बसून करायची सवय होती.

रिमच्या आत काय असतं

टायरच्या आतल्या दोन्ही कडांमध्ये पोलादी तारांचं कडं असतं. त्याला बीड म्हणतात. ते ताणलं जात नाही, ताणायचा प्रयत्न केला तर तुटतं. रिमला दोन्ही बाजूंनी बीड बसायची सपाट जागा असते, आणि ट्यूबलेसच्या रिमला त्या जागेच्या आतल्या बाजूला एक बारीक उंचवटा असतो, हवा कमी झाली तरी बीड घसरू नये म्हणून. पंक्चर झाल्यावर तुम्हाला भांडावं लागतं ते या उंचवट्याशी. त्यात आपल्या कोकणपट्टीतली खारी हवा. लोखंडी रिम गंजते, अलॉयवर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या रिमवर, पांढरी भुकटी धरते, आणि तीन-चार वर्षं न उतरवलेला टायर रिमशी एकजीव झाल्यासारखा बसतो.

रिमचा मधला खोलगट भाग हा सगळ्या कामाचा आधार. बीडचं कडं रिमच्या बाहेरच्या कडेपेक्षा लहान असतं, तरी ते त्यावरून बाहेर येतं, कारण समोरच्या बाजूला ते या खोलगट भागात उतरतं आणि अलीकडे तेवढी ढील मिळते. हा खोलगट भाग रिमच्या बरोबर मध्यावर नसतो, एका कडेला जवळ असतो. टायर नेहमी त्या जवळच्या कडेवरून काढायचा आणि चढवायचा.

हे मला माहीत नव्हतं तेव्हाची गोष्ट. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका मित्राचे बाहेरून घेतलेले अलॉय होते, आम्ही सवयीप्रमाणे चाकाची दर्शनी बाजू वर ठेवली. बीड सुटलं होतं, साबण लावला होता, तरी लिव्हर पुढे सरकेना. तिघं एका लिव्हरवर ओणवे झालो आणि बीडजवळचं रबर चिंधीसारखं उकललं, आतली तांबूस तार दिसायला लागली. टायर गेला. दुसऱ्या चाकाच्या वेळी शेजारच्या ट्रक ड्रायव्हरनं नुसतं चाक उलटं करायला सांगितलं. त्या रिमचा खोलगट भाग आतल्या कडेला जवळ होता. उलट्या चाकावरून तोच टायर मी एकट्यानं काढला. बहुतेक लोखंडी रिमना दर्शनी बाजूच जवळची असते, पण अलॉयचा भरवसा नाही. टायर रिमवर असताना हे बाहेरून दिसत नाही, म्हणून नवे टायर बसवून घेताना रिम रिकामी असेल तेव्हाच बघून ठेवा आणि रिमच्या आत मार्करनं खूण करा.

बीड सोडवायची अवजारं

सगळ्यात अडणारं काम हेच, आणि अवजारांमधला खरा फरकही इथेच कळतो.

घण आणि पहार ही हायवेवरच्या ट्रकच्या दुकानातली पद्धत. रिमच्या कडेला लागून टायरवर घण घालत फिरायचं. पंक्चरवाल्याचा हात बसलेला असतो, आपला नसतो. एक घाव चुकला की अलॉयला चीर जाते किंवा बाजूच्या भिंतीतले धागे आतल्या आत तुटतात. मी ही पद्धत कुणालाच सुचवणार नाही.

गाडीचं वजन वापरणं हा बिनखर्चाचा मार्ग. आधी पंक्चर चाक काढून स्टेपनी लावा, म्हणजे गाडी चार चाकांवर उभी राहते आणि तिचं दीड-पावणेदोन टन वजन तुमच्या कामाला येतं. हँडब्रेक, गिअर, चाकांना दगडाची उटी. मग टायर चासीखाली किंवा गाडी ओढायच्या हुकाखाली आडवा ठेवा, रिमच्या कडेपासून बोटभर अंतरावर लाकडाचा ठोकळा ठेवा, त्यावर जॅक ठेवून वरच्या लोखंडाला टेकवून उचलायला लागा. गाडी उचलली जायच्या आधी किंवा थोडी उचलल्यावर बीड सुटतं. बॉटल जॅक यासाठी उत्तम, गाडीबरोबर येणारा कात्री जॅकही चालतो. उंच फार्म जॅक अनेक जण मिरवतात, पण त्याला टेकायला लोखंडी बंपर हवा. प्लॅस्टिक बंपरच्या गाडीला त्याचा या कामी उपयोग नाही. या पद्धतीचा धोका असा की टायर मऊ असल्यामुळे जॅक कलतो. तो कलायला लागला की खाली घ्या, ठोकळा सारखा करा. हात किंवा पाय जॅक आणि टायर यांच्यामध्ये एक क्षणही ठेवू नका.

दुसरी गाडी असेल तर टायरच्या बाजूवर जाड फळी तिरकी ठेवून तिच्यावर ती गाडी हळू चढवतात. मऊ भिंतीच्या टायरला हे जमतं. फळी रिमला टेकली तर रिम वाकते, आणि सगळं चालकाच्या क्लचवर अवलंबून. अगदी नाइलाज असेल तरच.

आता खास अवजारं. ऑस्ट्रेलियात वाळवंटी रस्त्यांवर शेकडो किलोमीटर वस्ती नसते. तिथल्या फोर बाय फोरवाल्यांनी टायर स्वतः उतरवायची रीत पक्की केली आणि त्यातून टायरप्लायर्स नावाचं हाताचं अवजार लोकप्रिय झालं. नाव सांगतं तसं ते मोठ्या पकडीसारखं चालतं. एक जबडा रिमच्या कडेला अडकतो, दुसरा बीडवर टेकतो, आणि लांब दांडा दाबला की दोन्ही एकमेकांपासून लांब जाऊन बीड खाली ढकललं जातं. एका जागी दोन-तीन सेंटिमीटर दबलं की पुढे सरकायचं, असं करत चाकाभोवती फिरायचं. गाडी लागत नाही, जॅक लागत नाही, जमीन उतरती असली तरी चालतं. माझ्या वापरात लोखंडी रिमवर त्याच्याइतकं झटपट काही नाही. गोल, जाड कडेच्या काही अलॉयवर मात्र जबडा नीट अडकत नाही आणि घसरला की ओरखडा उठतो. आपल्याकडे ते दुकानात सहसा दिसत नाही, मागवून घ्यावं लागतं.

दुसरा प्रकार स्क्रूचा. एक शिकंजा रिमच्या कडेला पकडतो आणि मोठा बोल्ट पान्यानं फिरवला की एक पाचर बीडला आत ढकलते. हा हळू चालतो. १६ मिलिमीटरच्या साध्या बोल्टचे आटे धरले तर एका फेऱ्याला २ मिलिमीटर. पण फूटभर लांबीच्या पान्यावर हातानं २० किलोचा जोर दिला तर घर्षण वजा जाऊनही बीडवर तो टनाच्या हिशोबात पोचतो. गंजून बसलेल्या, जाड भिंतीच्या टायरला हाच कामाला येतो. झटका नाही, घसरणं कमी, आणि एकट्या माणसाला बसून करता येतं. आट्यांना ग्रीस लावत राहा, कोरडे आटे लवकर झिजतात. चांगला फॅब्रिकेशनवाला नमुना दाखवला तर असा शिकंजा बनवू शकतो. माझ्याकडचा तसाच बनवलेला आहे. पाचरीच्या कडा मात्र समोर उभं राहून गोल करून घ्या.

सरकत्या घणाचा तिसरा प्रकार मोठ्या ट्रकच्या टायरसाठी आहे. जड, लांब आणि गाडीत ठेवायला अवघड. आपल्या मापाला तो नको.

माझं मत विचाराल तर लोखंडी रिमला पकडीचा, अलॉयला स्क्रूचा. दोन्ही नसेल तर बॉटल जॅक आणि लाकडी ठोकळा. ठोकळा घरून न्या, स्पितीत झाडं विरळच.

लिव्हर

दुचाकीचे फूटभर लांबीचे लिव्हर इथे कुचकामी. २४ इंची दोन हवेत आणि थोडा आखूड, १६-१८ इंची, तिसरा. दोन लिव्हर उचलण्यासाठी, तिसरा उचललेली कड धरून ठेवण्यासाठी. टोक चमच्यासारखं रुंद आणि किंचित वळलेलं असावं. पंक्चरच्या दुकानातल्या सळईच्या टॉमीला टोकदार कडा असतात, त्या ट्यूबलेसच्या कडेचं रबर कापतात आणि मग तिथून कायम हवा गळते. लिव्हर घेताना टोकावरून बोट फिरवा. बोटाला खरवडलं तर कानस मारून आधी गुळगुळीत करा, मग वापरा. घडीव पोलादाचा लिव्हर जोर लावल्यावर थोडा वाकून पुन्हा सरळ होतो, साध्या लोखंडाचा वाकलेलाच राहतो.

अलॉय वाचवायला रिमरक्षक म्हणून प्लॅस्टिकचे तुकडे विकतात. जुन्या ऑइलच्या कॅनची हातभर पट्टी दुमडून लिव्हरखाली ठेवली तरी तेच काम होतं.

प्रत्यक्ष उतरवताना

व्हॉल्व्हजवळ टायरवर खडूनं खूण करा. परत चढवताना टायर त्याच जागी आला की बॅलन्सिंग फारसं बिघडत नाही. मग व्हॉल्व्हची पिन काढा. हवा गेली असं वाटणं वेगळं आणि पिन हातात असणं वेगळं. पिन हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. ती खिशात ठेवा, दगडावर ठेवलेली पिन सापडत नाही.

चाक ताडपत्रीवर आडवं ठेवा, खोलगट भाग जवळ असलेली बाजू वर. नव्या गाड्यांत हवेचा दाब सांगणारा सेन्सर व्हॉल्व्हला आतून जोडलेला असतो, म्हणून बीड सोडवायला व्हॉल्व्हच्या समोरच्या टोकापासून सुरुवात करा आणि व्हॉल्व्हजवळ अवजार खोल जाऊ देऊ नका. बीड सुटलं की सगळीकडे साबणाचं दाट पाणी लावा. कपडे धुण्याच्या साबणाचं चालतं. डिझेल, ऑइल, ग्रीस अजिबात नको. त्यानं रबर फुगतं आणि पुढे ब्रेक मारताना टायर रिमवर फिरतो.

आता व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला दोन्ही गुडघे टायरवर टेकून बीड खोलगट भागात दाबा आणि तसेच बसून राहा. मदतनीस असेल तर त्याचं काम फक्त हे. पहिला लिव्हर व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर, फक्त बीडखाली जाईल इतकाच घाला. खोल घातला तर सेन्सर जाईल किंवा ट्यूब चिमटली जाईल. उचला. चार बोटं अंतरावर दुसरा. तिथून पुढे प्रत्येक वेळी चारच बोटं. मोठा घास घ्यायचा मोह होतो, तेव्हाच लिव्हर निसटतो. ताणाखालच्या लिव्हरच्या रेषेत तोंड ठेवू नका आणि तो सोडून पाणी प्यायला उठू नका. अर्धी कड वर आली की उरलेली हातानं निघते.

लिव्हर जड वाटायला लागला तर जोर वाढवू नका. थांबून समोरची बाजू बघा, बीड खोलगट भागातून वर सरकलेलं असतं. दर वेळी हेच कारण निघतं.

ठिगळ लावायचं असेल तर एकच कड उतरवून पुरतं, दुसरी तशीच राहू द्या. टायरची भिंत वर उचलून मध्ये लाकडाचा तुकडा अडकवला की आत हात जातो. निम्मी मेहनत वाचते.

आतून ठिगळ

आधी आतून सगळीकडे सावकाश हात फिरवा. हातमोजा घालून, कारण तुटलेली तार तिथेच असते. आत काळी भुकटी किंवा रबराचे बारीक दाणे दिसले तर टायर हवेविना चाललेला आहे, भिंत आतून चुरडली आहे. त्याला ठिगळ लावू नका, कितीही नवा दिसत असला तरी.

भोक टायरच्या टेकणाऱ्या भागातच हवं. खांद्याजवळ किंवा भिंतीत असेल तर ठिगळानं ते टिकणार नाही, कारण तो भाग प्रत्येक फेऱ्याला वाकतो. आधी बाहेरून प्लग मारा आणि आतलं टोक सपाट कापा. ठिगळाहून थोडी मोठी जागा कानसपट्टीनं घासा, चकाकी जाऊन मखमलीसारखी काळी दिसेपर्यंत. धागे दिसू देऊ नका. धूळ पुसा, बोट लावू नका, घामाचा हातही सोल्युशनला चालत नाही. सोल्युशनचा पातळ हात द्या आणि थांबा. पाच ते दहा मिनिटं. ओलं असताना ठिगळ लावणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. चिकट लागतं पण बोटाला येत नाही, तेव्हा ते तयार. रेडियल टायरच्या ठिगळावर बाण असतात, त्यांची तोंडं दोन्ही बीडकडे हवीत. मधून टेकवा आणि मधूनच बाहेरच्या बाजूला बारीक दात्यांच्या चाकानं दाबत जा, नाहीतर हवेचा फुगा आत राहतो. चाक नसेल तर लिव्हरच्या पाठीनं घोटा.

बाजू कापली गेली असेल तर आत गेटर, म्हणजे कापावर आतून धरायचा रबराचा जाड तुकडा, आणि ट्यूब. गेटर कापाच्या चारही बाजूंना तीन-चार बोटं पुढे जाईल इतका हवा आणि त्याच्या कडा तासून पातळ केलेल्या हव्यात, नाहीतर तासाभरात त्याच कडा ट्यूब कापतात. ट्यूब घालण्याआधी तिच्यात थोडी हवा भरून तिला आकार द्या. ही दुरुस्ती फक्त पहिल्या दुकानापर्यंतची आहे. वेग कमी, मागच्या चाकावर, हायवेला नाही.

परत चढवणं आणि हवा

चढवण्याआधी रिमची बसायची जागा तारेच्या ब्रशनं घासून काढा, पुन्हा साबण लावा. टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर बघा. शेवटची वीतभर कड घट्ट लागते. तेव्हाही समोरची बाजू गुडघ्यानं खोलगट भागात दाबा.

ट्यूबलेस टायर रिमवर परत टेकवायला हवा जास्त नाही, वेगानं लागते. म्हणून पिन न घालता पाइप जोडा, अरुंद वाट मोकळी होते. सिगारेटच्या सॉकेटवर चालणारा छोटा प्लॅस्टिकचा कंप्रेसर हवा भरायला ठीक, टायर बसवायला सहसा कमी पडतो. बॅटरीला थेट चिमटे लावायचा, धातूच्या सिलिंडरचा घ्या. तरी हवा कडेनं निसटत असेल तर टायरच्या मधोमध रॅचेटचा पट्टा गुंडाळून आवळा. भिंती बाहेर ढकलल्या जातात आणि कड रिमला टेकते. टेकली की पट्टा लगेच सैल करा. पेट्रोल किंवा स्प्रे टाकून काडी लावण्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले असतील. ते करू नका. टायरमध्ये उरलेली वाफ नंतरही पेटते.

दोन वेळा मोठा आवाज होतो, एकेक कड बसल्याचा. ४० पीएसआयपर्यंत बसली नाही तर हवा सोडा, साबण लावा, पुन्हा सुरू करा. ४० च्या वर नेऊ नका आणि हवा भरताना टायरवर ओणवं होऊ नका, लांब पाइपनं बाजूला उभं राहून भरा. कड बसली की पाइप काढून पिन घाला आणि नेहमीच्या दाबापर्यंत भरा. भिंतीवर रिमजवळ एक बारीक गोल रेष असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे.

उंचावर काम करताना आणखी एक. साडेचार हजार मीटरवर हवा विरळ असते, कंप्रेसरला जास्त वेळ लागतो आणि तो तापतो. पाच-सात मिनिटांनी त्याला थांबवा. शिवाय खाली भरलेला टायर तिथे बाहेरचा दाब कमी असल्यामुळे मीटरवर सुमारे ६ पीएसआय जास्त दाखवतो. तो गरम झाला म्हणून सोडलेली हवा खाली उतरल्यावर कमी पडते.

दोन कामं घरी कधीच करू नयेत. जुन्या लष्करी जीपच्या दोन भागांत बोल्टनं जोडलेल्या रिम आणि ट्रकच्या कड्याच्या रिम हवा असताना उघडल्या तर कडं गोळीसारखं सुटतं. आणि टायर चढवलेल्या रिमला वेल्डिंग तर मुळीच नाही.

काय आधी घ्यावं

पैसे मोजकेच असतील तर आधी चांगला कंप्रेसर आणि आडव्या मुठीचा प्लग किट, बहुतेक प्रवास याच दोन्हीवर निभावतो. मग आपल्या मापाची एक ट्यूब आणि गेटरचा तुकडा. मग लिव्हर, आणि लिव्हर घेतले की बीड सोडवायचं अवजार त्याच महिन्यात, कारण एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नाही. २०२० साली नियम बदलले आणि ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा किट आणि दाब सांगणारी यंत्रणा असेल तर प्रवासी गाडीत स्टेपनी नसली तरी चालेल असं ठरलं. शहरासाठी ते ठीक. डोंगरात जाणाऱ्यानं स्टेपनी सोडू नये, उलट सगळ्या गाड्या एकाच मापाच्या चाकांच्या असतील तर फारच बरं.

निघण्याआधी टायरवाल्याकडून एक टाकाऊ टायर चढवलेली जुनी रिम मागून आणा आणि रविवारी सकाळी घरीच दोनदा उतरवून चढवा. पहिल्यांदा दीड तास लागेल, दुसऱ्यांदा निम्म्याहून कमी. तेव्हाच कळेल की साबण विसरलात, पिन काढायचा पाना आखूड आहे, किंवा गुडघ्याखाली टाकायला पोतं हवं होतं. ते पोतं आठवणीनं किटमध्ये ठेवा.

दुरुस्त केलेलं चाक लावल्यावर नट आडव्या-तिडव्या क्रमानं आवळा. ५० किलोमीटरवर चहाला थांबाल तेव्हा पुन्हा एकदा पाना फिरवा, ठिगळाच्या जागेवर तळहात ठेवून बघा बाकीच्या टायरपेक्षा गरम लागतो का, आणि व्हॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाका.